सुटे पैसे : मागच्या दाराने चढणारे

गेल्या अंकात याच पानावर रोझा पार्क्सबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. १ डिसेंबर १९५५, अमेरिकेतलं मॉन्टगोमेरी शहर, दुकानातलं शिवणकाम आटपून बसने घरी निघालेली ४२ वर्षांची काळी बाई. गोऱ्या उतारूसाठी जागा सोड म्हटल्यावर ‘नाही’ म्हणाली आणि पकडली गेली. चारच ओळी, पण त्यावर एवढी पत्रं आली की हरवलेली छत्री, पासाचे पैसे आणि ‘सुटे नसतील तर कंडक्टरने खाली उतरवावं का’ हे आपले नेहमीचे मानकरी या खेपेला मागे ठेवावे लागले. त्यांनी रागावू नये. पुढची गाडी त्यांचीच.

नव्या वाचकांसाठी सांगतो. मी ३३ वर्षं मुंबईच्या लाल बसमध्ये कंडक्टर होतो. इतिहास वाचायला लागलो तो डेपोत दोन ड्युट्यांच्या मधल्या रिकाम्या वेळात, आणि खोड लागली ती आजतागायत. तेव्हा ही उत्तरं कंडक्टरची आहेत, प्राध्यापकाची समजू नका.

प्रश्न : मॉन्टगोमेरीत काळ्या लोकांना मागच्या दाराने चढायला लावत आणि तो मोठा अपमान होता, असं वाचलं. पण काका, मुंबईत तर माझे आजी-आजोबा, आई-बाबा सगळेच वर्षानुवर्षं मागच्या दाराने चढले आणि पुढच्या दाराने उतरले! मग त्यात अपमान कसला? वर्गात विचारलं तर बाई हसल्या. (बारावीतली विद्यार्थिनी, गिरगाव)

उत्तर : बाईंनी हसायला नको होतं. सबंध नोकरी मी मागच्या दाराशी उभा राहून काढली आणि पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही हेच वाटलं होतं.

आपल्याकडे मागचं दार म्हणजे कंडक्टरचं दार. तिथे तो उभा, म्हणून तिथून चढायचं. मॉन्टगोमेरीत कंडक्टर नव्हताच. ड्रायव्हर एकटा, आणि पैसे टाकायची पेटी त्याच्या शेजारी. आता काळ्या उतारूने काय करायचं? पुढच्या दाराने चढून पेटीत दहा सेंट टाकायचे. पुन्हा खाली उतरायचं. रस्त्यावरून गाडीच्या लांबीइतकं मागे चालत जायचं आणि मागच्या दाराने आत शिरायचं. पाऊस असो, कडेवर पोर असो. आणि कधी कधी माणूस मागच्या दारापाशी पोचायच्या आत ड्रायव्हर गाडी सोडून द्यायचा. पैसे पेटीत, माणूस रस्त्यावर.

रोझा पार्क्सला हा अनुभव १९४३ मध्येच आला होता. पैसे भरून ती पुढूनच आत गेली, तर ड्रायव्हरने तिला उतरून मागून चढायला फर्मावलं. ती उतरली, गाडी निघून गेली. जेम्स ब्लेक त्याचं नाव. त्याच्या गाडीत पुन्हा पाय ठेवायचा नाही असं तिने ठरवलं आणि बारा वर्षं पाळलं. १९५५ च्या त्या संध्याकाळी ती दमलेली, विचारात गढलेली. चढताना ड्रायव्हरचा चेहरा बघायचा राहिला. तोच निघाला.

आतली बैठकही समजून घे. एकूण ३६ सीटा. पुढच्या १० गोऱ्यांच्या. रिकाम्या धावल्या तरी काळ्याने त्यावर टेकायचं नाही. मागच्या १० काळ्यांच्या. मधल्या १६ ड्रायव्हरच्या मर्जीवर. पार्क्स या मधल्या भागाच्या पहिल्या ओळीत बसली होती, म्हणजे कायद्यानेही तिचं काही चुकलं नव्हतं. पुढच्या सीटा भरल्या आणि एक गोरा उतारू उभा राहिला. एकच. पण त्याच्यासाठी त्या ओळीतल्या चौघांनी उठायचं, कारण गोरा आणि काळा एका ओळीत बसलेले चालत नसत. तिघं उठली. एक माणूस बसवायला चार सीटा रिकाम्या करायच्या हा हिशोब माझ्या डोक्यात अजूनही बसत नाही. कुठलाही कंडक्टर सांगेल, असली गाडी चालवणारा कारखाना आठ दिवसांत बुडेल.

आणि त्या ड्रायव्हरला नगरपालिकेच्या नियमाने पोलिसाचे अधिकार होते, हे फार थोड्यांना माहीत असतं. कोणी कुठे बसायचं हे ठरवण्यापुरते का होईना, पण पोलिसाचे. मला एखाद्या दारुड्याला उतरवायचं झालं तर गाडी चौकीसमोर उभी करून हवालदाराला हाक मारावी लागे, आणि हवालदार आधी माझ्याकडेच बघून विचारायचा, ‘तू काय केलंस?’ त्या ब्लेकला कोणी विचारणारं नव्हतं.

तुला आवडेल असा एक तपशील देतो. पार्क्सच्या नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ ला, त्याच शहरात क्लॉडेट कॉल्व्हिन नावाच्या १५ वर्षांच्या शाळकरी मुलीनेही उठायला नकार दिला होता. तिला फरफटत उतरवून बेड्या घातल्या. पुढाऱ्यांना तेव्हा ती आंदोलनाचा चेहरा म्हणून सोयीची वाटली नाही. पण ज्या दाव्यावर शेवटी निकाल लागला त्यातल्या चार फिर्यादींत रोझा पार्क्सचं नाव नव्हतं, कॉल्व्हिनचं होतं.

पार्क्सला पकडल्यावर काळ्या लोकांनी बसवर घातलेला बहिष्कार ५ डिसेंबर १९५५ ला सुरू झाला आणि ३८१ दिवस चालला. उतारूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश काळे. तेच चालायला लागल्यावर गाड्या रिकाम्या धावू लागल्या. काळ्या टॅक्सीवाल्यांनी बसच्याच भाड्यात, दहा सेंटांत, माणसं न्यायला सुरुवात केली, तर सरकारने किमान ४५ सेंट घेतलेच पाहिजेत हा जुना नियम शोधून काढला. मग लोकांनी खासगी मोटारी एकत्र करून ठरलेल्या नाक्यांवरून माणसं उचलायची सोय केली. स्थानिक विमावाले या मोटारींचा विमा उतरवेनात, तेव्हा तो थेट लंडनच्या लॉइड्सकडून उतरवला. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र वेगळी. सुरुवातीच्या मागण्या फार साध्या होत्या. ड्रायव्हरने नीट बोलावं, काळ्यांच्या वस्त्यांतल्या मार्गांवर काळे ड्रायव्हर नेमावेत, आणि गोऱ्यांनी पुढून, काळ्यांनी मागून अशा सीटा भरत याव्यात, बसलेल्याला कोणी उठवू नये. एवढंच. वेगळेपण साफ रद्द करा, असं पहिल्या दिवशी त्यांनी म्हटलंही नव्हतं. समोरच्याने एवढंही मान्य केलं नाही, म्हणून गोष्ट कोर्टात गेली आणि १३ नोव्हेंबर १९५६ ला सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच उडवला.

ती बस, क्रमांक २८५७, आता हेन्री फोर्ड संग्रहालयात ठेवली आहे. त्यांनी २००१ मध्ये लिलावात घेतली. आमच्या किती गाड्या भंगारात गेल्या, कोणाला नंबरही आठवत नाही.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत अटलांटा शहराजवळ ग्विनेट काउंटीत (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा) राहतो. सुनेच्या बाळंतपणासाठी सहा महिने राहून आले. घर मोठं, अंगण मोठं, पण गाडी चालवता येत नसेल तर माणूस नजरकैदेत. शहरात ट्रेन आहे म्हणतात, मग ती यांच्याकडे का येत नाही? मुलगा म्हणतो, ‘इथल्या लोकांनाच नकोय.’ ट्रेन कोणाला नको असते? (एक आजी, मुलुंड)

उत्तर : आजी, मुलगा खरं बोलला. फक्त ‘इथले लोक’ म्हणजे कोण आणि कधीचे, ते सांगायचं राहिलं.

अटलांटाच्या ट्रेन-बसच्या संस्थेचं नाव मार्टा. ही पाच काउंट्या मिळून चालवायची, असं १९६५ मध्ये घाटत होतं. कॉब काउंटीने तेव्हाच अंग काढून घेतलं. १९७१ मध्ये बाकीच्या चौघींत मतदान झालं : विक्रीवर एक टक्का कर द्यायचा, त्या बदल्यात बसचं भाडं ४० सेंटांवरून १५ सेंटांवर येणार आणि पुढे ट्रेन होणार. फुल्टन आणि डीकाल्ब ‘हो’ म्हणाल्या. क्लेटन आणि ग्विनेटने दणकून ‘नाही’ म्हटलं. कराचं निमित्त होतंच. पण त्याच सुमारास शाळा, बस, हॉटेलं काळ्या-गोऱ्यांना एकत्र झाल्यामुळे गोरी कुटुंबं शहर सोडून उपनगरांत चालली होती आणि १९७० च्या जनगणनेत अटलांटा शहरात काळ्यांची संख्या निम्म्याच्या वर गेली होती. ज्यांच्यापासून लांब जायला घर बांधलं, त्यांनाच आणून सोडणारी गाडी आपल्या पैशाने कशी चालवायची, असा तो विचार. मार्टा या अक्षरांचा ‘आफ्रिकनांना अटलांटातून झपाट्याने नेणारी’ असा कुजकट विस्तार लोक करत. विनोद म्हणून सांगायचे.

त्याआधी तर भिंतच घातली होती. डिसेंबर १९६२ मध्ये अटलांटाच्या पेटन रोडवर महापालिकेने रस्त्यात आडवे अडथळे उभे केले, पलीकडच्या गोऱ्या वस्तीत काळ्या लोकांनी घरं घेत सरकू नये म्हणून. १ मार्च १९६३ ला कोर्टाने सांगितल्यावर लगोलग काढले. भिंत पाडता येते. पण न आलेल्या ट्रेनच्या विरुद्ध कोणत्या कोर्टात जायचं?

ट्रेन १९७९ मध्ये धावू लागली, दोनच काउंट्यांत. नोकऱ्या हळूहळू उपनगरांकडे गेल्या, आणि शहरातल्या ज्यांच्याकडे मोटार नाही त्यांना त्या नोकऱ्यांपर्यंत पोचायची सोय उरली नाही. क्लेटनचं तर फारच वाईट झालं. तिथे पुढे लोकवस्ती बदलली, काळी आणि गरीब कुटुंबं वाढली. स्वतःची छोटी बससेवा होती, तीही २०१० मध्ये पैसे नाहीत म्हणून बंद पडली. २०१४ मध्ये त्याच क्लेटनने मोठ्या बहुमताने मार्टात यायचं ठरवलं. मधली ४३ वर्षं गेली ती गेली.

ग्विनेटने १९९० मध्ये ‘नाही’ म्हटलं, २०१९ मध्ये ‘नाही’, २०२० मध्ये अगदी थोडक्यात ‘नाही’, २०२४ मध्येही ‘नाही’. आणि गंमत बघा, आता ग्विनेटमध्ये गोरे निम्मेही नाहीत. कोरियन आहेत, मेक्सिकोकडचे आहेत, काळे आहेत, तुमच्या मुलासारखे आपले आहेत. तेव्हा आता सगळा दोष वर्णद्वेषावर टाकता यायचा नाही. ज्याच्या दारात दोन मोटारी आहेत त्याला एक टक्का कर जड वाटतो. मुलाने कधी मत दिलं का, विचारून बघा. रागावू नका, नुसतं विचारा.

इथलं एक सांगतो आणि थांबतो. माझ्या नात्यातल्या एकाच्या इमारतीने सह्यांचं पत्रक काढलं : गेटसमोरचा बसस्टॉप हलवा, ‘कोणीही येऊन बसतं’. त्या स्टॉपवर सकाळी कोण उतरायचं? त्याच इमारतीत धुणीभांडी करणाऱ्या बाया. पत्रक मी वाचलं. त्यात ‘सुरक्षितता’ हा शब्द सहा वेळा होता.

प्रश्न : मी निवृत्त एसटी वाहक. तुमचे लेख वाचतो. या काळ्या-गोऱ्यांच्या भांडणात तिकडच्या बस कामगारांची युनियन कोणत्या बाजूला होती? (पनवेल)

उत्तर : हा प्रश्न कोणी विचारू नये असं वाटत होतं. तुम्ही विचारलात, आणि तेही आपल्यातल्याच माणसाने.

अमेरिका सोडून देऊ, इंग्लंडचं सांगतो. ब्रिस्टल शहरात बस कंपनी काळ्या आणि आशियाई माणसांना गॅरेजमध्ये ठेवायची, कॅन्टीनमध्ये ठेवायची, पण ड्रायव्हर-कंडक्टर म्हणून घेत नव्हती. कंपनी तशी होतीच. पण १९५५ मध्ये तिथल्या युनियनच्या प्रवासी-वाहतूक विभागानेच ठराव केला होता की रंगीत माणसं गाडीवर घ्यायची नाहीत. लाल बावट्याखाली बसून. कारण काय, तर मूळ पगार तुटपुंजा, घर चालायचं ते ओव्हरटाइमवर, आणि नवी माणसं आली तर ओव्हरटाइम जाईल ही धास्ती. ओव्हरटाइम गेल्यावर घरात काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणूनच मला तो ठराव वाचून जास्त लाज वाटली. त्या बैठकीत मी असतो तर हात खाली ठेवला असता का, याची खात्री देता येत नाही.

१९६३ मध्ये एका वेस्ट इंडियन तरुणाची मुलाखत तो काळा आहे हे कळताच रद्द झाली. पॉल स्टीफन्सन हा तिथला काळा कार्यकर्ता आणि त्याच्या साथीदारांनी बसवर बहिष्कार पुकारला, विद्यार्थी मोर्चे घेऊन आले, आणि २८ ऑगस्टला कंपनीने बंदी उठवली. त्याच दिवशी तिकडे वॉशिंग्टनला मार्टिन ल्यूथर किंग यांचं ते प्रसिद्ध भाषण झालं. ब्रिस्टलचा पहिला गोरा नसलेला कंडक्टर झाला १७ सप्टेंबरला. नाव रघबीर सिंग. आपला सरदारजी! हे वाचलं त्या रात्री मी बायकोला झोपेतून उठवून सांगितलं. ती म्हणाली, ‘त्याला तरी सुटे मिळाले असतील का?’

प्रश्न : अमेरिकेची धुणी आपण कशाला धुवायची? मुंबईची लोकल कोणाला जात-धर्म विचारत नाही. तिघांच्या बाकावर दाटीने केलेल्या चौथ्या सीटवर अब्जाधीशाचा मुनीम आणि हमाल मांडीला मांडी लावून बसतात. जगात असं शहर दाखवा. उगाच आपल्या लोकांत न्यूनगंड पेरू नका. (एक जुने वर्गणीदार, दादर)

उत्तर : साहेब, चौथ्या सीटचं खरं आहे. माझाही त्या सीटवर जीव आहे, अर्धाच टेकतो तरी.

पण वाहन जात विचारत नाही हे कधीपासून? १९०१ सालचं एक उदाहरण देतो, खुद्द बाबासाहेब आंबेडकरांनी लिहून ठेवलेलं. नऊ-दहा वर्षांचा भीमराव बरोबरच्या मुलांसह वडिलांना भेटायला आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरला. आगगाडीने जात विचारली नव्हती, तुमचं म्हणणं बरोबर. स्टेशनच्या बाहेर मात्र बैलगाडीवाला तयार होईना. नवे कपडे, हातात पैसे, काही उपयोग नाही. शेवटी तोड निघाली ती अशी : भाडं दुप्पट घ्यायचं, गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार. भाडं दिलं तरी बाटायची भीती होतीच. रुळांवरचा प्रवास आणि स्टेशन ते घर हा प्रवास, यांतला फरक या एका गोष्टीत जेवढा दिसतो तेवढा मला कुठे दिसला नाही.

आता घराकडे या. अमेरिकेत घराच्या खरेदीखतातच कलम घालत, की हे घर काळ्याला विकायचं नाही. १९४८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असलं कलम कोर्ट राबवून देणार नाही; १९६८ मध्ये घर विकताना-भाड्याने देताना वंश बघणं कायद्यानेच बंद केलं. पूर्ण थांबलं असं नाही. आपल्याकडे? २००५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासद फक्त आपल्याच समाजाचे घेऊ हा पोटनियम वैध धरला. निकालामागे संघटना स्थापायच्या स्वातंत्र्याचा मुद्दा होता, तो मी नाकारत नाही. पण दलालाने फोनवर आधी आडनाव विचारणं आणि मग ‘मालक फक्त व्हेज फॅमिलीला देतात’ म्हणणं हे तुम्हीही ऐकलं असेल. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून किती मुसलमान कुटुंबं मुंब्र्याला गेली, तेही आपल्या समोरच घडलं. घर असं ठरलं की मग लोकल जात न विचारता सगळ्यांना सारखंच नेते. फक्त कोणाला वीस मिनिटं आणि कोणाला दीड तास.

अंतर हाच कर असतो, हे जोहान्सबर्गजवळच्या अलेक्झांड्रा वस्तीने १९५७ मध्ये दाखवलं. काळ्यांनी शहरात राहायचं नाही, पण कामाला रोज शहरात यायचं. बस कंपनीने भाडं चार पेनीवरून पाच केलं. एक पेनी! ‘आझिक्वेल्वा’, आम्ही चढणार नाही, अशी हाक उठली आणि हजारो माणसं जानेवारीपासून एप्रिलपर्यंत रोज जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर चालली. अखेर भाडं चारच पेनी राहिलं आणि वरची पेनी मालक लोकांकडून वसूल करायची असं ठरलं. मला हा निकाल फार शहाणपणाचा वाटतो : ज्याला माणूस कामावर हवा आणि शेजारी नको, त्याने निदान तिकीट काढावं. आपल्याकडे रेल्वे रुंद करायला रुळांलगतच्या झोपड्या हलवल्या, हजारो कुटुंबांना मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये, वाशी नाक्याला पक्की घरं मिळाली. पक्कं घर ही मोठी गोष्ट आहे. पण बायांची कामं जुन्याच वस्तीजवळ राहिली. मे २०२५ मध्ये बसचं किमान भाडं ५ चं १० झालं तेव्हा ज्यांनी एक बस सोडून चालायला सुरुवात केली, त्यांत त्या असणार. मोजलं कोणी नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये कळवा-बदलापूरचे लोक साध्या गाड्यांच्या जागी एसी गाड्या दिल्या म्हणून रुळांवर उतरले आणि मध्य रेल्वेने १० एसी फेऱ्या मागे घेतल्या, तेव्हा पेपरांत ‘गोंधळ’ असा मथळा होता. मी तिकिटाचा दर बघितला.

तुम्ही म्हणाल, हे सगळं पैशाचं झालं, जात कुठे आली? मग माझंच ऐका. १९९१ ची गोष्ट, पावसाळा. देवनारच्या बाजूची पहाटेची फेरी. तिथे कचरा वेचणाऱ्या बाया असत, पाठीवर गोणी, भंगारवाल्याकडे निघालेल्या. नियम असा, की सामानाचं वेगळं तिकीट फाडायचं आणि बसू द्यायचं. नियमाच्या पुस्तकात ‘वास’ असं कलम नव्हतं. ते मी घातलं. ‘गाडी भरली, मागून येतेय’, म्हणायचो आणि दोरी ओढायचो. मागून गाडी चाळीस मिनिटांनी यायची.

त्या दिवशी एका बाईने मी बोलायच्या आत गोणी आत ढकलली आणि फुटबोर्डावर पाय ठेवला. मी डबल बेल मारली. तिचा पाय निसटला. पडली नाही, दांडा सोडून धावत राहिली चार पावलं, मग उभी राहिली. गोणी गाडीत, बाई रस्त्यावर. गाडीत तेरा-चौदा माणसं होती. कोणी ‘थांबवा’ म्हटलं नाही. एक गृहस्थ, हातात दुधाच्या पिशव्या, मला म्हणाले, ‘बरं केलंत.’ पुढच्या स्टॉपला मी गोणी उतरवून खांबाला टेकवून ठेवली. तोंड सुटलेलं होतं म्हणून आत दिसलं : दुधाच्या पिशव्या धुऊन, एकावर एक घड्या घालून, सुतळीने बांधलेल्या. माझ्या तिकिटांच्या पेटीतले गठ्ठे इतके नीट नसायचे. वास येत होता तो पावसाने भिजलेल्या गोणपाटाचा.

दुसऱ्या दिवशी ती त्याच स्टॉपवर होती. मी बाजूला सरलो. ती चढली, तिचं एक आणि गोणीचं एक, दोन्ही तिकिटांचे पैसे मोजून माझ्या हातावर ठेवले. सुटे. माझ्याकडे बघितलं नाही. मी माफी मागितली असं तुम्हाला सांगायला आवडलं असतं. मी ‘पुढे सरका’ म्हणालो.

तिची जात मी विचारली नव्हती, साहेब. लोकलसारखंच.

प्रश्न : बस थांबवायला एक घंटा आणि सोडायला दोन, असं का? उलट का नाही? (इयत्ता चौथी, भांडुप)

उत्तर : तुझ्या पत्रातलं डबल डेकरचं चित्र मी भिंतीवर लावलं आहे. वरच्या खिडकीतला टोपीवाला मीच का?

थांबवायची घाई असते, म्हणून एकच. ती चुकून वाजली तरी फार बिघडत नाही, गाडी उगाच थांबेल एवढंच. सोडायची घंटा चुकून वाजली तर कोणाचा तरी पाय अर्धा आत, अर्धा बाहेर असतो. तुझ्यासारखं एखादं पोर दोरीला लोंबकळलं तर? म्हणून दोन. मला ज्यांनी काम शिकवलं ते म्हणायचे, दोन घंटांच्या मध्ये एक श्वास ठेव. पहिली दिली की दारातून मान बाहेर काढायची, फुटबोर्ड बघायचा, मागून कोणी धावत येतंय का बघायचं, मग दुसरी. मी कितीतरी वर्षं दोन्ही एका दमात द्यायचो, टणटण. तुझ्या बसचा कंडक्टर कसा देतो ते नीट ऐक आणि पुढच्या पत्रात कळव.